एका ठिपक्याचा डबा

मेसमध्ये एक नियम असतो, तो आधी सांगायला हवा, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. पलटणीच्या जेवणात जे जे शिजतं, त्यातलं डावभर काढून एका छोट्या डब्यात भरायचं, झाकण लावायचं, चिठ्ठी चिकटवायची आणि डबा थंड कपाटात चोवीस तास ठेवायचा. कोणी आजारी पडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी डबा रिकामा करून घासायचा. पडलंच, तर डबे तपासणीला जातात. माणूस विसरतो, घाबरतो, कधी खोटंही बोलतो. डब्यातलं अन्न आहे तसंच राहतं, म्हणून हा नियम.

आचाऱ्याने हा नियम तेवीस वर्षं पाळला होता. थंड कपाटातल्या ओलीने चिठ्ठ्या गळून पडत, म्हणून त्याने आपली एक युक्ती काढली होती. प्रत्येक डब्याच्या बुडाला तो खिळ्याने ठिपके पाडायचा. एक ठिपका दूध, दोन ठिपके स्टू, तीन ठिपके पुडिंग. चिठ्ठी गेली तरी डबा उलटा केला की कळायचं. त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारलीच नव्हती.

त्याचा स्टू तसा साधाच असायचा. बटाटे, गाजरं, कांदे, मटण, वरून मिरपूड. पण थंडीत पहाटे कवायत करून आलेल्या पोरांच्या हातात तो वाडगा पडला की भटारखाना गप्प व्हायचा. तीनशे माणसं एकदम गप्प होणं म्हणजे काय, ते ऐकल्याशिवाय कळत नाही. स्टूनंतर पुडिंग. आदल्या दिवशीचा पाव, दूध, अंडी, साखर आणि जायफळ, मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये भाजलेलं. ट्रेच्या चार कोपऱ्यांना साखर करपून कडक, तपकिरी व्हायची आणि त्या कोपऱ्यांवरून रोज भांडणं. शेवटी आचाऱ्यानेच निवाडा केला. ज्याला घरून पत्र आलं नाही, त्याला कोपरा. मग पोरं मुद्दाम पत्रं लपवायला लागली, तेव्हा टपालवाल्याला विचारूनच कोपरे वाटायची पाळी आली.

ही सगळी एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर आचाऱ्याने कोणासाठी काही शिजवलं नव्हतं. चहासुद्धा नाही.

आता तो मुलीकडे राहत होता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात. मुलगी तापाने फणफणली असतानाही तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून जावयाला सांगत बसला होता, "आता मीठ घाला. नाही, तेवढं नको." जावई एकदा वैतागून म्हणाला, "बाबा, तुम्हीच का नाही करत?" मुलीने डोळ्यांनीच नवऱ्याला गप्प केलं. घरात हा विषय कोणी काढत नसे.

काढायचा तो एकच जण, पावशेर.

पावशेर म्हणजे मेसचा कोठारवाला, आचाऱ्याचा जुना दोस्त. शेरभर मागितलं की पावशेर कमी द्यायचा, म्हणून हे नाव पडलं आणि मग बायकोसकट सगळ्यांच्या तोंडी बसलं. साधं सुतळीचं टोकही तो फेकत नसे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो ताजा पाव घेऊन यायचा, जिने चढून दम खात खुर्चीत बसायचा आणि निघताना आचाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "किती दिवस मनाला लावून घेणार? चूक कोणाच्याही हातून होते."

एकतीस वर्षं, महिन्यातून एकदा. सगळं जग त्याला नावं ठेवत होतं तेव्हा या एका माणसाने आपल्याला माफ केलं, असं आचारी मानायचा. नातीलाही सांगायचा, "दोस्त असावा तर तुझ्या पाववाल्या आजोबांसारखा."

तर असा हा पावशेर एका रविवारी म्हणाला, "जुन्या पलटणीतले आपण सगळे माझ्याकडे जमतोय. पंचवीसतीस जण. कप्तानसाहेबही येणार. मी कबूल करून बसलोय की स्टू आणि पुडिंग तू करणार."

"वेडा आहेस का?"

"सगळ्यांना तुझ्या हातचं खायचंय रे. माणसं म्हातारी झाली. आता नाही तर कधी?"

आचारी आठ दिवस नाही म्हणत राहिला. नवव्या दिवशी नातीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला खरंच स्वयंपाक येतो, की नुसतं सांगता?" तेव्हा तो हो म्हणाला.

सगळे जमायचे त्या दिवशी सकाळी सातलाच तो पावशेरच्या घरी पोहोचला. घर तळमजल्यावर, मागे अंगणवजा जागा, तिथे दोन मोठ्या शेगड्या मांडलेल्या. पावशेरची बायको, म्हणजे आचाऱ्याची वहिनी, भाज्या निवडून बसली होती. तिची जीभ कधी थांबत नसे, आणि त्या दिवशी आचाऱ्याला ते बरंच वाटत होतं. पहिला कांदा चिरायला त्याला चांगला वेळ लागला. दहाव्याला काप सारखे पडायला लागले. पंचविसाव्याला सुरी आपली आपण चालायला लागली.

"भावजी, तुमचा हात अजून यंत्रासारखा चालतो बघा," वहिनी म्हणाली. "आमच्या ह्यांना साधं लिंबू कापता येत नाही. अर्धं कापतात आणि उरलेलं अर्धं पुढच्या आठवड्यासाठी ठेवतात."

"फुकट घालवू नये," पावशेर पाव कुस्करत म्हणाला.

स्टू रटरटायला लागला. अंगणात तो जुना वास पसरला आणि पावशेर डोळे मिटून उभा राहिला. आचाऱ्यालाही आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. दूध तापत ठेवताना त्याने सवयीने विचारलं, "दूध पाहिलंस?"

मेसमध्ये हा रोजचा प्रश्न असे. दूध कोठारातून यायचं, ते पाहायची जबाबदारी कोठारवाल्याची. आचारी विचारायचा, "दूध पाहिलंस?" आणि पावशेर म्हणायचा, "पाहिलं." एवढ्या एका शब्दावर तीनशे माणसांचं दूध चुलीवर चढायचं.

पावशेरने हातातला पाव परातीत ठेवला. मग म्हणाला, "पाहिलं."

"वहिनी, जायफळ?"

वहिनी आत गेली आणि एक छोटा गोल डबा घेऊन आली. "हे घ्या. आणि झाकण जपून उघडा, आमच्या लेकाच्या वयाचा डबा आहे तो. लेक झाला त्याच आठवड्यात ह्यांनी आणला. बाळंतिणीला काय आणलंत म्हणून बघते, तर रिकामा डबा. मी म्हटलं, वा, मुलगा झाल्याची काय भेट आहे."

आचारी हसला. मेसचा डबा त्याने लगेच ओळखला होता. पावशेरने सरकारी डबा उचलून घरी आणला, यात नवल ते काय. जायफळ काढून त्याने डबा खाली ठेवायला घेतला आणि हाताने आपण होऊन तो उलटा केला.

बुडाला एक ठिपका होता.

एकतीस वर्षांपूर्वी मेसमध्ये काय झालं होतं, ते आता सांगायला हवं. बाहेरून मोठे अधिकारी पलटणीची पाहणी करायला आले होते. दुपारचं जेवण झालं आणि चार वाजेपर्यंत साठसत्तर माणसं पोट धरून आडवी झाली. एका कोवळ्या पोराला तीन आठवडे इस्पितळात काढावे लागले. तिन्ही डबे कापडात बांधून, लाखेचं सील लावून तपासणीला गेले. दुधाचा डबा चांगला निघाला. स्टूचा चांगला निघाला. पुडिंगचा खराब निघाला. म्हणजे दूध चांगलं होतं आणि आचाऱ्याने बिघडवलं. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं, "पुडिंगचे ट्रे थंड करायला ठेवले, तेव्हा झाकले होते का?" आचारी म्हणाला, "झाकले होते." त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तो म्हणाला, "झाकले होते." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पाहणीच्या त्या धांदलीत आपण नेमकं काय केलं, याचीच त्याला खात्री वाटेना. तो म्हणाला, "आठवत नाही."

तेवढं पुरलं. बाहीवरची पट्टी उतरली, भटारखाना गेला, शेवटची सहा वर्षं त्याने फाटकावर पहारा देत काढली. लोक विसरले, पण त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

आणि तपासणीला गेलेले डबे परत येत नाहीत. चौकशीच्या कागदांबरोबर ते पेटीत बंद होतात. पुडिंगचा गेला, स्टूचा गेला, आणि एका ठिपक्याचा डबा एकच होता, तोही गेला असणार. मेसला नंतर नवे चौकोनी डबे मिळाले होते. मग एका ठिपक्याचा डबा या घरात कसा?

"वहिनी," आचारी म्हणाला, "लेकाचा वाढदिवस कधी?"

तिने तारीख सांगितली. पाहणीच्या दुसऱ्या दिवसाची.

पावशेर पावाच्या परातीवर ओणवा होता. त्याचे हात थांबले होते.

"वहिनी, जरा वाडगे पुसून ठेवता का आत?" आचारी म्हणाला. ती गेली. मग त्याने डबा पावशेरसमोर धरला. "हा माझा दुधाचा डबा. मग तपासणीला कोणता गेला?"

पावशेरने डब्याकडे पाहिलं, ठिपक्याकडे पाहिलं. एवढी वर्षं रोज स्वयंपाकघरात दिसणारी वस्तू तो पहिल्यांदाच बघत असावा. "मला ठिपक्याचं माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"दूध कसलं होतं?"

स्टूला कढ येत होता. आचाऱ्याने पुढे होऊन आच कमी केली आणि पुन्हा येऊन उभा राहिला.

"हिला इस्पितळात नेल्याचा निरोप आला होता," पावशेर म्हणाला. "आदल्या संध्याकाळी. मी कचेरीत फोनपाशी जाऊन बसलो. दोन कॅन बाहेरच राहिले, बेकरीच्या भिंतीला टेकून. भिंत रात्रभर गरम असते, तुला माहीत आहे. सकाळी वास घेतला, तर तसा काही नव्हता. म्हणून बाकीच्यात मिसळले. म्हटलं, उकळल्यावर काय राहतंय."

उकळल्यावर जंतू मरतात, पण त्यांनी आधीच दुधात सोडलेलं विष उकळूनही जात नाही, हे आचाऱ्याला चौकशीतच कळलं होतं. फक्त ते आपल्या पुडिंगमध्ये, आपल्या हाताखाली झालं, असं तो समजत होता.

"आणि डबा?"

"पोरं पडायला लागली तेव्हा घाबरलो. कोठारातला दुसरा डबा काढून, संध्याकाळचं ताजं दूध भरून ठेवला. हा खिशात टाकला. फेकणार होतो."

"मग फेकला का नाहीस?"

पावशेर कसनुसं हसला. "चांगला डबा होता."

आचाऱ्याला एक जुनी गोष्ट आठवली. त्या दिवशी टपालवाल्याने सांगितलं होतं की पावशेरच्या घरून पत्र आलेलं नाही. म्हणून आचाऱ्याने पहिल्या ट्रेचा पहिला कोपरा त्याच्यासाठी बाजूला काढला होता, स्वतः नेऊन दिला होता. पावशेर म्हणाला होता, भूक नाही. आचाऱ्याला वाटलं, बायकोच्या काळजीने घास उतरत नसेल. त्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता.

"तू कोपरा खाल्ला नाहीस," तो म्हणाला.

पावशेरने मान खाली घातली.

"म्हणजे जेवणाआधीच तुला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. शंका होती नुसती."

"तीनशे ताटं वाढली जात होती. मी डाव हातात घेऊन तुझ्यासमोर उभा होतो. एक शब्द बोलायचा होतास."

"तुला सांगणारच होतो रे."

"केव्हा?"

"दर महिन्याला," पावशेर म्हणाला. "पाव घेऊन जिना चढायचो तो सांगायचं ठरवूनच. तू दार उघडून हसायचास आणि मग..."

"आणि मग तू मला माफ करायचास," आचारी म्हणाला.

तो मोठ्याने बोलला नव्हता. पावशेरचे डोळे भरून आले. त्याने आचाऱ्याचं मनगट धरलं. "आज सांगतो. सगळ्यांसमोर, कप्तानसाहेबांसमोर सांगतो. लेकाची शपथ."

आचाऱ्याने मनगट सोडवून घेतलं आणि जायफळ किसायला घेतलं. सगळं तिथेच टाकून निघून जावं असं त्याला वाटलं नाही असं नाही. पण तीस माणसं लांबून उपाशी येणार होती, त्यांचा यात काय दोष? आणि पावशेर सांगणार होता. पुडिंगचे ट्रे थंड करायला ठेवले तेव्हा आचाऱ्याने त्यांच्यावर स्वच्छ फडकं घातलं. चारही बाजू दाबल्या. मग दूर जाऊन परत आला आणि पुन्हा पाहिलं.

बारा वाजता माणसं जमली. टकलं, काठ्या, कानातली यंत्रं, एकमेकांच्या पोटांवर टिचक्या. लांब टेबलावर वाडगे मांडले गेले. स्टू वाढला आणि ज्या क्षणाची आचाऱ्याला भीती होती तो आला. सगळे गप्प झाले. एकतीस वर्षांनी तीच शांतता, फक्त चमच्यांचा आवाज.

"अरे, हे तर तेच," कोणीतरी पुटपुटलं.

मग पुडिंगचे ट्रे आले, आणि कप्तानसाहेब पांढऱ्या मिशा पुसत म्हणाले, "डॉक्टरला बोलावून ठेवलंय ना रे?"

टेबल हसलं. वाईट मनाने कोणी हसलं नाही. हा त्यांचा जुना विनोद होता, दर भेटीत निघणारा. आचाऱ्याने पावशेरकडे पाहिलं. सगळेच पावशेरकडे पाहत होते, कारण या विनोदावर पुढचं वाक्य त्याचं असायचं.

पावशेर उठून उभा राहिला. त्याने तोंड उघडलं. दाराशी वहिनी उभी होती, पदराला हात पुसत, कौतुकाने नवऱ्याकडे बघत.

"जाऊ द्या हो साहेब," पावशेर म्हणाला. "चूक कोणाच्याही हातून होते."

आणि खाली बसला.

टेबल पुन्हा हसलं, आचाऱ्याच्या बाजूने, मायेने. शेजारच्याने त्याची पाठ थोपटली. आचारी उठला. पहिल्या ट्रेचा एक कोपरा त्याने नीट कापला, बशीत घातला आणि पावशेरसमोर नेऊन ठेवला. शेजारी जायफळाचा डबा उलटा ठेवला.

"तुझा कोपरा," तो म्हणाला. "राहिला होता."

"ह्याला कसला कोपरा?" कप्तानसाहेब म्हणाले. "ह्याला कुठे पत्रं येत नाहीत?"

आचारी थांबला. पावशेर बशीकडे बघत राहिला. त्याने चमचा उचलला आणि परत ठेवला. मग आचाऱ्यानेच सांगितलं. त्याला फार बोलता येत नसे. दोन कॅन, बेकरीची गरम भिंत, बदललेला डबा, बुडाचा ठिपका. मोजून सहासात वाक्यं. शेवटी तो म्हणाला, "मी झाकलं होतं."

वहिनी दारातून कधी आत गेली ते दिसलं नाही. कप्तानसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"असेलही," ते शेवटी म्हणाले. "पण आता काय त्याचं? त्याने माणसं बोलावली, तू इतकं छान केलंस. आजच्या दिवशी कशाला उकरून काढायचं?"

"खरंय," पलीकडचा एकजण म्हणाला. दुसऱ्याने बशी पुढे केली. "मला जरा मोठा तुकडा दे."

आचाऱ्याने त्याला मोठा तुकडा दिला. सगळ्यांना वाढलं. मग अंगावरचं फडकं काढून घडी घातली, जायफळ पावशेरच्या बशीशेजारी ओतून ठेवलं, रिकामा डबा खिशात टाकला आणि तो घरी निघाला. त्याला कोणी थांबवलं नाही. पावशेरही नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आचारी मुलीच्या स्वयंपाकघरात उभा होता. नात स्टुलावर चढून त्याच्या शेजारी. मुलगी आणि जावई बाहेरच्या खोलीत मुद्दाम वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. पंचाईत एकच होती. आचाऱ्याला तीनशे माणसांचं प्रमाण तोंडपाठ होतं, चार जणांचं येत नव्हतं.

"तीनशेला साठ लिटर दूध," तो म्हणाला. "मग चार जणांना किती?"

नातीने पाटीवर भागाकार मांडला, खोडला, पुन्हा मांडला. "आठशे मिलिलिटर. आणि आजोबा, ह्या डब्याला खाली ठिपका का आहे?"

"एक ठिपका म्हणजे दूध. आधी त्यात डावभर दूध काढून ठेवायचं. मग बाकीचं चुलीवर."

"कशाला?"

"कोणी विचारलं तर दाखवायला."

तिने डबा भरला, झाकण लावलं. उरलेलं दूध त्याने स्वतः आधी हुंगलं, मग तिला हुंगायला लावलं, एक चमचा तापवून पाहिला आणि मगच पातेलं चढवलं. इतक्यात दारावर थाप पडली. तीन हलक्या थापा, जिने चढून दमलेल्या माणसाच्या.

"पाववाले आजोबा," नात म्हणाली आणि स्टुलावरून उतरायला लागली.

"थांब," आचारी म्हणाला. "दूध चुलीवर असताना जागा सोडायची नाही."

थाप पुन्हा पडली. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र खाली आलं. मुलगी दारात येऊन बापाच्या तोंडाकडे बघू लागली. त्याने नकारार्थी मान हलवली आणि ती तशीच मागे गेली. दुधावर साय धरायला लागली होती. आचारी डावाने ती सावकाश मोडत राहिला. नातीने त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि मग ती पातेल्याकडे बघायला लागली.

काही वेळाने बाहेर कागदी पिशवी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग जिन्यावर पावलं, एक एक पायरी.

"तो पाव आणू का?" नातीने विचारलं. "आपल्याला पाव लागणारच आहे ना."

"कालचा शिळा आहे घरात," आचारी म्हणाला. "पुडिंगला शिळाच लागतो."